शालान्त परीक्षेतील संस्कृत : मूल्यमापन आणि मराठी अनुवाद

प्राचीन भाषेचे ज्ञान शालेय पातळीवर कसे मोजावे, हा प्रश्न युरोपात लॅटिनच्या संदर्भात आणि महाराष्ट्रात संस्कृतच्या संदर्भात उपस्थित झाला. महाराष्ट्रात त्याचे एक मूळ मालवणात सापडते. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म १८३७ साली मालवण येथे झाला. रत्नागिरी हायस्कूलचे मुख्याध्यापकपदही त्यांनी भूषविले. १८६० च्या दशकात त्यांनी लिहिलेल्या दोन संस्कृत पाठ्यपुस्तकांनी अनेक पिढ्यांच्या परीक्षेचे स्वरूप निश्चित केले. त्यांची मांडणी लॅटिनच्या शालेय व्याकरणांशी मिळतीजुळती आहे : प्रथम नियम, मग शब्दसंग्रह, नंतर संस्कृतातून इंग्रजीत आणि इंग्रजीतून संस्कृतात अनुवादासाठी वाक्ये. मात्र धातूंचा क्रम भारतीय गणपद्धतीस अनुसरून आहे. पहिला, चौथा, सहावा व दहावा हे सुलभ गण आधी येतात. सूत्रे मुखोद्गत असणे ही जी पाठशाळेची कसोटी, तिच्या जागी अनुवाद ही कसोटी आली.

मॅट्रिक्युलेशनच्या परीक्षेत संस्कृतला मोठी प्रतिष्ठा होती. चिंतामणराव देशमुख यांनी १९१२ साली या परीक्षेत पहिला क्रमांक मिळविला आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही संपादन केली. पुढे त्यांनी 'मेघदूता'चा मराठी अनुवाद केला, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सूचक आहे.

सिंधुदुर्गातील विद्यार्थी आज कोकण विभागीय मंडळामार्फत दहावीची परीक्षा देतात. २०२० पासून संपूर्ण संस्कृतच्या शंभर गुणांपैकी ८० गुण लेखी परीक्षेला आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाला आहेत. प्रश्नपत्रिकेत गद्य-पद्य उताऱ्यांवरील प्रश्न, अन्वयपूर्ती, पाठांतराचे श्लोक, नामधातूंच्या तालिका, अपठित उतारा आणि माध्यमभाषेतून द्यावयाची उत्तरे असे प्रकार आढळतात. यांतील तालिका व श्लोक स्मरणशक्ती तपासतात. आकलनाची खरी परीक्षा अपठित उताऱ्यात होते, कारण तेथे पाठ केलेले उत्तर उपयोगी पडत नाही. संस्कृत हा भरघोस गुण देणारा विषय आहे, या लोकप्रिय समजुतीचे मर्म या दोन भागांच्या प्रमाणात आहे.

माध्यमभाषा मराठी असली की प्रश्नाला वेगळे परिमाण लाभते. 'रामेण फलं भक्षितम्' या वाक्याचा 'रामाने फळ खाल्ले' हा अनुवाद मराठी विद्यार्थ्याला सहज सुचतो, कारण कर्त्याची तृतीया मराठीत जिवंत आहे. इंग्रजीच्या आधारे शिकणाऱ्याला येथे कर्मणी रचना समजावून द्यावी लागते. परंतु हीच जवळीक परीक्षकाला अडचणीत टाकते. विद्यार्थ्याने तत्सम शब्द जसाच्या तसा ठेवला, तर त्याला अर्थ कळला की नाही हे ठरवणे कठीण होते. 'राग' म्हणजे संस्कृतात आसक्ती, मराठीत क्रोध. 'शिक्षा' म्हणजे संस्कृतात अध्ययन, मराठीत दंड. असे शब्द जेथे येतात, तेथेच समज आणि शब्दांची केवळ उचल यांतील भेद उघड होतो.

या संदर्भात अमेरिकेतील अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट लॅटिन परीक्षेचा दाखला उपयुक्त ठरतो. २०१३ ते २०२५ या काळात तीत व्हर्जिल व सीझर यांचे नेमलेले उतारे होते. अनुवाद शब्दशः अपेक्षित असे, आणि उताऱ्याचे लहान खंड पाडून प्रत्येक खंडाला स्वतंत्र गुण दिले जात. विभक्ती, काळ, वचन यांतील चूक त्यामुळे नेमकी पकडली जाई. शिवाय न नेमलेल्या उताऱ्यांवरही प्रश्न असत. मराठीतील अनुवाद तपासताना ही खंडपद्धती स्वीकारता येण्याजोगी आहे. मात्र तत्सम शब्दांच्या जागी मराठी प्रतिशब्दाचा आग्रह तिला जोडावा लागेल.

तसे झाल्यास संस्कृतची उत्तरपत्रिका ही विद्यार्थ्याच्या मराठीचीही परीक्षा ठरेल. मालवणच्या भांडारकरांनी रूढ केलेल्या अनुवादाच्या कसोटीला मराठी शाळेत पूर्ण अर्थ लाभावयाचा असेल, तर तो याच मार्गाने लाभेल.