कापड एकच, मजुरी मात्र निरनिराळी

तागा बाजारात आला की आम्ही व्यापारी पन्हा पाहतो, पीक मोजतो, सुताचा काउंट विचारतो आणि मीटरचा भाव बोलतो. विणणाऱ्याच्या पदरात किती पडले, हा सवाल सौद्यात सहसा येत नाही. पण देशात सारख्याच मेहनतीचे मोल इतके निरनिराळे का, याचा उलगडा आमच्या याच धंद्यात होतो.

मुंबईच्या गिरणीतही विणकराची मूळ कमाई उत्पादनावर असे. पण तिच्यावर महागाई भत्ता, प्रॉव्हिडंट फंड आणि भरपगारी रजा होती, कारण हजेरीच्या पुस्तकात त्याचे नाव होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. यंत्रमाग त्याआधीच वाढू लागले होते. संपानंतर आणखी काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरतकडे सरकले. माग राहिला, विणकरही राहिला. पुस्तकातले नाव तेवढे गेले. आता बारा तासांची पाळी आणि मीटरवर मजुरी. वीज गेली किंवा बीम संपला की माग थांबतो, आणि मजुरीही थांबते.

यात कायद्याचाही हिस्सा आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याची मर्यादा विजेवर चालणाऱ्या कारखान्याला १० कामगारांची होती, प्रॉव्हिडंट फंडाची २० ची. म्हणून एकाच छपराखालचे माग दोन-तीन नावांवर दाखवण्याचा रिवाज पडला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या आणि कारखान्याची मर्यादाही २० वर गेली. वेतन संहिता मात्र कामगारांची संख्या पाहत नाही. किमान वेतनाचा हक्क तिने सर्वांना दिला आहे. हा हक्क वसूल करायचा तर काम केल्याचा पुरावा हवा. २०२३-२४ च्या सरकारी श्रमबल सर्वेक्षणात शेतीबाहेरच्या नियमित पगारदारांपैकीही निम्म्याहून अधिकांकडे लेखी करार नव्हता. मग मीटरवाल्या कारागिराची काय कथा?

बायकांचा हिसाब याहून अवघड आहे. समान कामाला समान मोबदला हा कायदा १९७६ पासून आहे. पण माग पुरुष चालवतो आणि कांड्या बाई भरते, तीही बहुधा घरी बसून. काम निराळे ठरले की तुलनाच होत नाही. त्याच सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी ७८.८ टक्के श्रमबलात होते, तर स्त्रियांपैकी ४१.७ टक्के. यातही पुष्कळ जणी घरच्याच धंद्यात विनामोबदला राबतात.

राज्याराज्यांतले अंतरही थोडे नाही. २०२२-२३ मध्ये ग्रामीण भागातील बांधकाम मजुराला केरळात दिवसाला सरासरी सुमारे ८५२ रुपये मिळाले, मध्य प्रदेशात सुमारे २७९. वीट तीच, ऊनही तेच! केरळात शिक्षण आहे, संघटना आहे आणि आखाती देशांचा रस्ता खुला आहे; तिथला मजूर नकार देऊ शकतो. उत्तर प्रदेश-बिहारातून भिवंडीला किंवा ओडिशाच्या गंजामहून सुरतेला आलेल्याला नकार परवडत नाही. खानावळीची उधारी आणि मालकाची उचल त्याला बांधून ठेवते. जिथे कामगार एकत्र बोलू शकले तिथे फरक पडला. इचलकरंजीत २०१३ साली यंत्रमाग कामगारांनी दीर्घ संप करून मजुरीत वाढ मिळवली.

मालकांची अडचण आम्हाला ठाऊक आहे. सूत आणि वीज यांचे दर त्यांच्या हातात नाहीत. व्यापाऱ्याने मीटरमागे दहा पैसे तोडले की मालकाला कापायला मजुरीच उरते. म्हणून सुरुवात सौद्यापासूनच व्हावी. भाव ठरवताना सूत, सायझिंग आणि मजुरी हे आकडे वेगवेगळे लिहावेत, आणि घासाघीस मजुरीच्या आकड्यावर करू नये. मालकांनी प्रत्येक कारागिराला, कांडी भरणाऱ्या बाईलाही, तारीख आणि रकमेची चिठ्ठी द्यावी. मजुरी बँकेतून दिल्यास नोंद आपोआप राहते.

कारागिरांनाही सांगणे आहे: हिसाब तोंडी ठेवू नका. मीटर, दर आणि उचल रोज आपल्या वहीत उतरवा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्या. तंटा झाला तर कामगार कार्यालयात तीच वही दाखवता येईल.