लिनक्सचा पेनड्राइव्ह बूट होत नाही? आधी बघा, गाडी नक्की कुठे अडतेय

हे या भागाचं लेखी रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, फक्त माझे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ ला न चालणारे कितीतरी धडधाकट लॅपटॉप घराघरांत पडून राहिले. त्यामुळे बरेच जण उबुंटू किंवा मिंट टाकून बघतायत, आणि पहिल्याच पायरीवर अडकतायत. आयएसओ डाउनलोड केली, पेनड्राइव्ह बनवला, लॅपटॉप चालू केला, तर समोर पुन्हा विंडोजच! मग माणूस काय करतो? तोच पेनड्राइव्ह परत बनवतो. मग वेगळ्या सॉफ्टवेअरने बनवतो. मग नवीन पेनड्राइव्ह घेऊन येतो. रविवार संपला.

माझं म्हणणं असं, की पेनड्राइव्ह परत बनवायच्या आधी स्क्रीनवर काय दिसतंय ते नीट बघा. आधी फर्मवेअर, म्हणजे आपण ज्याला सवयीने बायोस म्हणतो ते, पेनड्राइव्ह शोधतं. मग त्यातला बूटलोडर चालवतं. बूटलोडर कर्नल लोड करतो, आणि कर्नल मग स्क्रीन, डिस्क वगैरे ताब्यात घेतं. यातल्या प्रत्येक ठिकाणी अडलं तर दिसणारं चित्र वेगळं असतं आणि इलाजही वेगळा.

थेट विंडोज उघडत असेल, तर बहुतेक वेळा फर्मवेअरला पेनड्राइव्हबद्दल कोणी विचारलेलंच नसतं. चालू करताना बूट मेनूची की दाबावी लागते. लेनोवो आणि डेलला साधारण एफ१२, एचपीला एफ९, आसुसला एस्केप. एसरलाही एफ१२, पण तिथे हा मेनू बऱ्याचदा बंद असतो, आधी एफ२ ने बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो. कीबोर्ड बडवत बसायचं नसेल तर सोपा रस्ता आहे: विंडोजमध्ये शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्टवर क्लिक करा आणि ‘यूज अ डिव्हाइस’ निवडा. यात अजून एक फायदा. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शटडाउन हे खरं शटडाउन नसतंच, अर्धं हायबरनेट असतं. रीस्टार्टमध्ये ती भानगड नाही.

मेनू आला, पण त्यात पेनड्राइव्हच नाही? आता पेनड्राइव्हवर संशय घ्यायला हरकत नाही. आयएसओ फाइल नुसती कॉपी-पेस्ट केली असेल तर ती बूट होणार नाही (व्हेंटॉय वापरत असाल तर गोष्ट वेगळी). यूईएफआय फर्मवेअर पेनड्राइव्हवर फॅट पद्धतीने फॉरमॅट केलेलं पार्टिशन शोधतं, त्यात ‘ईएफआय’ नावाचं फोल्डर, त्यात ‘बूट’, आणि त्यात ‘बूटएक्स६४’ नावाची फाइल. ती नसेल तर त्याच्या लेखी पेनड्राइव्ह रिकामा. रुफसमध्ये बनवताना गेल्या दहाएक वर्षांतल्या लॅपटॉपसाठी जीपीटी आणि यूईएफआय निवडा, फारच जुन्या मशीनसाठी एमबीआर. काही मेनूंमध्ये एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, त्यातला ‘यूईएफआय’ लिहिलेला घ्या. पेनड्राइव्ह हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपला लावा. आणि डाउनलोड अर्धवट नाही ना, हे तपासायला पॉवरशेलमधली ‘गेट-फाइलहॅश’ कमांड आहे. तिने दिलेला आकडा डिस्ट्रोच्या साइटवरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. बनवलेला पेनड्राइव्ह विंडोजमध्ये परत लावला की कधी कधी ‘फॉरमॅट करू का?’ असा प्रश्न येतो. नाही म्हणा! विंडोजला त्यातलं वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता महत्त्वाचं. पेनड्राइव्ह निवडला आणि ‘सिक्युअर बूट व्हायोलेशन’ किंवा ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असा मेसेज आला. यावर इंटरनेटवरचा प्रत्येक जण सांगतो, सिक्युअर बूट बंद करा. थांबा जरा.

उबुंटू, फेडोरा, डेबियन, मिंट हे सगळे सिक्युअर बूट चालू ठेवूनही बूट होतात. त्यांच्याकडे ‘शिम’ नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो, त्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते, आणि शिम पुढच्या बूटलोडरची खात्री करून घेतो. भानगड झाली ऑगस्ट २०२४ मध्ये. विंडोजच्या एका अपडेटने जुन्या, धोकादायक बूटलोडरना बंदी घातली. ही बंदी विंडोजमध्ये नाही, थेट लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये लिहिली जाते. त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वी व्यवस्थित चाललेला पेनड्राइव्ह आज त्याच लॅपटॉपवर नाकारला जाऊ शकतो. इलाज सोपा आहे, त्याच डिस्ट्रोची ताजी आयएसओ घ्या. व्हेंटॉय असेल तर पहिल्यांदा निळी स्क्रीन येते, तिथे ‘एनरोल की फ्रॉम डिस्क’ करावं लागतं. आर्चच्या अधिकृत आयएसओला मात्र सिक्युअर बूट बंद करावंच लागतं.

आणि बंद करायचंच असेल, तर आधी बिटलॉकर तपासा. ‘मी कधी चालूच केलं नाही’ यावर विसंबू नका. हल्ली मायक्रोसॉफ्ट अकाउंटने विंडोज ११ सुरू केलं की होम आवृत्तीतही डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. सिक्युअर बूटची सेटिंग बदलली की लॅपटॉपमधली टीपीएम चिप सावध होते आणि पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती नसेल, तर आईबाबांचे फोटो, बँकेचे कागद, सगळं आत, आणि तुम्ही बाहेर. दुकानात नेलात तर ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हेच ऐकायला मिळेल.

म्हणून बायोसमध्ये शिरण्याआधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून ती की शोधा आणि कागदावर लिहून ठेवा. त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून ठेवू नका, प्लीज. समजा सेटिंग बदलून झालीय आणि निळी स्क्रीन की मागतेय, तर घाबरून रीसेट करू नका. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट परत चालू करा. बहुतेक वेळा विंडोज निमूटपणे उघडतं. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर की आयटीवाल्यांकडे असते, त्याला हातच लावू नका.

पुढचा प्रकार त्या मानाने किरकोळ. ग्रबचा मेनू येतो, ‘ट्राय ऑर इन्स्टॉल’ निवडल्यावर स्क्रीन काळी. इथे पेनड्राइव्ह निर्दोष आहे, ग्राफिक्स ड्रायव्हर अडखळतोय, खास करून एनव्हिडियाचं कार्ड असेल तर. उबुंटूमध्ये ‘सेफ ग्राफिक्स’चा पर्याय असतो, तो घ्या. नसेल तर मेनूवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ जोडा (इंग्रजीत, अर्थातच) आणि एफ१० दाबा. इन्स्टॉल झाल्यावर नीट ड्रायव्हर टाकता येतो.

शेवटचा प्रकार म्हणजे इन्स्टॉलर सुरू होतो, पण लॅपटॉपची डिस्कच दिसत नाही. हे बहुतेक इंटेलच्या आरएसटी किंवा व्हीएमडी सेटिंगमुळे होतं. ती बायोसमध्ये बदलता येते, पण आधी तयारी न करता बदलली तर असलेलं विंडोज बूट व्हायचं थांबतं. ती तयारी कशी करायची ते पुढच्या भागात. तोवर ती सेटिंग आहे तशीच राहू द्या. भेटू.