कामाची जागा आणि कर्करोग : कारण शोधले जाते ते कसे?

घरातील कर्त्या माणसाला कर्करोग झाल्याचे निदान होते, तेव्हा कुटुंबीयांच्या मनात सर्वप्रथम उभा राहतो तो कारणाचा प्रश्न. "कधी तंबाखूला हात लावला नाही, मद्याला स्पर्श केला नाही, मग ह्यांनाच का?" रुग्णभेटीला जाणाऱ्या धर्मगुरूंना आणि धर्मभगिनींना हा प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. कोणी दैवाला दोष देतो, कोणी ही आपल्या पापांची शिक्षा आहे असे मानून मनोमन खचतो. अशा वेळी आणखी एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून जातो : हा माणूस वीस-तीस वर्षांपूर्वी कोणते काम करीत होता?

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वेळी रोगाचे कारण सांगेलच असे नाही. परंतु तो विचारलाच गेला नाही, तर कामामुळे होणारा कर्करोग कधीही उघडकीस येत नाही. असे का, हे समजण्यासाठी या संशोधनाचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल.

जुनाच प्रश्न

इटलीतील मोदेना येथील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारल्यावाचून वैद्याने उठू नये, असा त्यांचा आग्रह होता. मठवासी धर्मभगिनींमध्ये स्तनांचा कर्करोग इतर स्त्रियांपेक्षा अधिक आढळतो, हेही त्यांनी नोंदवून ठेवले. गर्भधारणा व स्तनपान यांमुळे या रोगाचा धोका कमी होतो, हे शास्त्राला पुष्कळ नंतर कळले. कारण ठाऊक नसतानाही केवळ निरीक्षण जपून ठेवल्याने पुढच्या पिढ्यांना वाट सापडते, ती अशी.

१७७५ साली लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोशाच्या त्वचेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले. ही माणसे अगदी लहानपणी अरुंद धुराड्यांत उतरविली जात. त्यांच्या अंगावर साचलेल्या काजळीशी पॉट यांनी या रोगाचा संबंध जोडला. काजळी अंगाला लागली ती बालपणी. रोग उद्भवला तो तारुण्यात व प्रौढपणी. या दीर्घ अंतरामुळे कारण आणि परिणाम यांची गाठ सहजासहजी पडत नाही.

फ्रँकफुर्टचे तीन कामगार

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोळशाच्या डांबरापासून कृत्रिम रंग बनविण्याचे कारखाने जर्मनीत उभे राहिले. १८९५ साली फ्रँकफुर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांच्या लक्षात आले की, फुक्सिन नावाचा तांबडा रंग तयार करणाऱ्या ४५ कामगारांपैकी तिघांना मूत्राशयात गाठी झाल्या आहेत. मूत्राशयाचा कर्करोग हा एरव्ही क्वचित आढळणारा रोग. तो एकाच ठिकाणच्या तिघांना व्हावा हा योगायोग त्यांना पटेना. त्यांनी ॲनिलिन या रसायनावर संशय व्यक्त केला.

परंतु तीन रुग्णांवरून काही सिद्ध होत नाही. शिवाय रंगाच्या कारखान्यात कामगाराचा संबंध एकाच रसायनाशी येत नाही. नेमका दोषी कोणता? १९३८ साली अमेरिकेत विल्हेल्म ह्यूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीटा-नॅफ्थिलअमाइन हे रसायन दिलेल्या कुत्र्यांना मूत्राशयाच्या गाठी होतात, असे दाखवून दिले. हे द्रव्य श्वासावाटे व त्वचेवाटे शरीरात शिरते, यकृतात त्याचे रूपांतर होते, मूत्रपिंडे ते गाळून मूत्रात सोडतात आणि ते मूत्राशयात साठून राहते. म्हणूनच हातांनी हाताळलेल्या पदार्थाचा घाव मूत्राशयाच्या अस्तरावर बसतो. आता प्रश्न उरला तो माणसांचा : किती कामगारांना खरोखर हा रोग झाला?

मृत्युदाखल्यांची मोजणी

हे काम लंडनच्या चेस्टर बीटी संशोधन संस्थेतील डॉ. रॉबर्ट केस यांनी केले. रंगरसायनांच्या ब्रिटिश कारखान्यांत १९२० नंतर सहा महिन्यांहून अधिक काळ काम केलेल्या पुरुषांची त्यांनी यादी केली. कोण कोणत्या रसायनावर काम करीत होता, हे कारखान्यांच्या दप्तरांतून शोधले. नंतर मूत्राशयाच्या गाठीने झालेल्या मृत्यूंचे दाखले त्या यादीशी ताडून पाहिले.

या पद्धतीचे मर्म 'अपेक्षित संख्या' या कल्पनेत आहे. त्याच वयाच्या सर्वसाधारण पुरुषांमध्ये या रोगाने जितके मृत्यू होतात, त्याच प्रमाणात या कामगारांमध्ये झाले असते, तर ती संख्या किती भरली असती? केवळ बीटा-नॅफ्थिलअमाइनशी संबंध आलेल्या गटात ती ०.३ भरली असती, म्हणजे एकही मृत्यू अपेक्षित नव्हता. प्रत्यक्षात आढळले २६. बेन्झिडिन या रसायनाच्या बाबतीतही वाढ स्पष्ट होती. ज्या ॲनिलिनवर अर्धशतकाहून अधिक काळ ठपका होता, त्याच्याविरुद्ध मात्र या मोजणीत पुरावा मिळाला नाही. रसायनाशी प्रथम संबंध येणे आणि रोग प्रकट होणे यांमध्ये सरासरी सुमारे १८ वर्षे गेली होती.

या मोजणीतून एक अनपेक्षित गोष्टही बाहेर आली. रंगांचे कारखाने नसलेले शहर तुलनेसाठी म्हणून केस यांनी बर्मिंगहॅमचे रुग्ण पाहिले, तर तेथेही हा रोग अपेक्षेपेक्षा अधिक आढळला. शोध घेता ते रुग्ण रबराच्या कारखान्यांतील निघाले. रबर टिकाऊ व्हावे म्हणून त्यात मिसळल्या जाणाऱ्या एका द्रव्यात बीटा-नॅफ्थिलअमाइनचा अंश होता. त्या कामगारांना आपण असे काही हाताळतो आहोत याची कल्पनाही नव्हती.

ब्रिटनमध्ये या रसायनाचे उत्पादन १९४९ साली थांबले आणि १९५३ साली हा रोग भरपाईस पात्र अशा व्यावसायिक रोगांत गणला जाऊ लागला. केस यांचे निबंध १९५४ साली प्रसिद्ध झाले. रेन यांच्या तीन रुग्णांपासून येथवर यावयास जवळजवळ साठ वर्षे लागली. त्या काळात या कामावर कित्येक माणसे येत-जात राहिली.

मोजणीतील अडचणी

अशा संशोधनात फसगत होण्याच्या जागाही पुष्कळ असतात. पहिली म्हणजे नोकरीस लागणारा माणूस मुळातच धडधाकट असतो. आजारी माणूस कारखान्यात टिकत नाही. त्यामुळे कामगारांची तुलना सर्व जनतेशी केली की, कारखाना प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा सुरक्षित भासतो.

दुसरी अडचण म्हणजे इतर कारणांची सरमिसळ. कामगार धूम्रपान करीत असेल, तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा दोष कोणाला द्यावयाचा? ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत याचे उत्तर मिळाले. १९५५ साली रिचर्ड डॉल यांनी इंग्लंडमधील एका ॲस्बेस्टॉस कारखान्यात वीस वा अधिक वर्षे काम केलेल्या ११३ पुरुषांचा अभ्यास केला. फुप्फुसाच्या कर्करोगाने अपेक्षित मृत्यू ०.८ होते, प्रत्यक्षात ११ झाले. पुढे १९७९ साली अमेरिकेतील पाहणीत असे दिसले की, ॲस्बेस्टॉस हाताळणाऱ्या पण धूम्रपान न करणाऱ्यांत या रोगाच्या मृत्यूचे प्रमाण सुमारे ५ पट, केवळ धूम्रपान करणाऱ्यांत सुमारे ११ पट, तर दोन्ही एकत्र आल्यास ५० पटींहून अधिक होते. म्हणजे एक कारण दुसऱ्याला दोषमुक्त करीत नाही; दोन्ही मिळून संकट कितीतरी वाढवितात.

तिसरे असे की, धोका कारखान्याच्या दारात थांबत नाही. कामगारांचे धुळीने माखलेले कपडे घरी धुणाऱ्या स्त्रियांनाही ॲस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग झाल्याचे १९६५ साली लंडनमधील संशोधनाने दाखविले. अशा स्त्रीचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते.

यादीचा अर्थ

फ्रान्समधील लिऑं येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था १९७१ पासून अशा सर्व पुराव्यांची छाननी करून पदार्थांचे व व्यवसायांचे वर्गीकरण करते. पहिल्या गटात माणसामध्ये कर्करोग निर्माण करतात हे सिद्ध झालेल्या गोष्टी येतात. त्यात बीटा-नॅफ्थिलअमाइन, बेन्झिडिन, ॲस्बेस्टॉस, बेन्झिन, सिलिकाची धूळ, लाकडाचा भुसा, डिझेलचा धूर, वेल्डिंगचा धूर यांचा समावेश आहे. रंगाऱ्यांचे काम त्यात आहे आणि २०२२ पासून अग्निशमन दलाचे कामही.

ही यादी वाचून सुतारकाम वा वेल्डिंग करणाऱ्या बांधवांनी भयभीत होऊ नये. पुरावा किती पक्का आहे एवढेच हे गट सांगतात. धोका किती मोठा आहे हे सांगत नाहीत. ते संपर्क किती व किती वर्षे आला, यावर अवलंबून असते. १९८१ साली डॉल व पीटो यांनी अमेरिकेतील कर्करोगाच्या मृत्यूंपैकी सुमारे ४ टक्के कामाशी निगडित असावेत असा अंदाज मांडला. एकूण रोगाच्या मानाने हा वाटा लहान आहे. परंतु तो सर्वांमध्ये सारखा वाटला जात नाही. तो ठरावीक कामे करणाऱ्यांच्याच घरी जातो, आणि तो टाळता येण्याजोगा असतो.

आपल्याकडील स्थिती

तारापूर, डोंबिवली, अंबरनाथ या परिसरांत रसायनांचे कारखाने आहेत आणि तेथे राबलेली माणसे आपल्या कुटुंबांतही आहेत. मुंबईच्या गिरण्यांच्या रंगखात्यांत, गोदीत आणि जहाजदुरुस्तीत एका पिढीचे आयुष्य गेले. मुंबईत १९६३ पासून आणि ग्रामीण भागासाठी बार्शी येथे १९८७ पासून कर्करोगाची नोंदणी होत आहे, ही आपल्या राज्याला भूषणावह गोष्ट होय. मात्र अशा नोंदणीतून प्रामुख्याने रोग, वय आणि निवास कळतो. वीस वर्षांपूर्वी रुग्ण कोणत्या खात्यात कोणते पिंप हलवीत होता, हे त्यावरून कळत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल देताना कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या प्रारंभापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत ठेवावी, असा आदेश त्या उद्योगाला दिला. एवढी दीर्घ मुदत का, हे रंगकामगारांच्या हकिकतीवरून ध्यानात येईल. रोग उशिरा येतो. तोपर्यंत कारखाना बंद पडलेला असतो, मालक बदललेला असतो, ठेकेदाराचा पत्ता नसतो. १९८२ च्या संपानंतर मुंबईतील अनेक गिरण्यांना टाळे लागले. अशा वेळी कागद हाती नसेल, तर रोगाचे कारणही सापडत नाही आणि विधवेला न्यायही मिळत नाही.

आपण काय करावे?

घरातील प्रत्येक कामकरी व्यक्तीची नोंद एका वहीत लिहून ठेवावी. कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कोणता कारखाना, कोणते खाते, पिंपावर वा गोणीवर लिहिलेले पदार्थाचे नाव, धूळ वा वाफ किती असे, तोंडाला मास्क व हाताला मोजे मिळत का, सोबत कोण होते. नियुक्तिपत्र, ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी, कामगार विम्याचे कार्ड व आरोग्य तपासणीचे अहवाल जपून ठेवावेत. ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांना हे कागद अनेकदा मिळत नाहीत. त्यांच्यासाठी तर वही अधिकच मोलाची.

डॉक्टरांकडे गेल्यावर सध्याच्या नोकरीबरोबर जुनी कामेही आपण होऊन सांगावीत आणि केसपेपरवर लिहिण्याची विनंती करावी. लघवीतून रक्त गेले, मग ते वेदनारहित का असेना, तर विलंब न करता तपासणी करून घ्यावी. रंग, रबर वा तत्सम रसायनांत काम केलेल्यांनी विशेष दक्षता घ्यावी. धूम्रपान सोडावे. कामाचे कपडे शक्यतो कामाच्या ठिकाणीच बदलावेत. एकाच खात्यातील दोघा-तिघांना एकच रोग झाल्याचे दिसल्यास लगेच निष्कर्ष काढू नये, पण गप्पही बसू नये. नावे, वर्षे आणि खाती लिहून ती माहिती डॉक्टरांच्या व कारखाना निरीक्षकांच्या कानी घालावी. रेन यांनी सुरुवात केली ती तिघांपासूनच.

धर्मग्रामातील युवक-युवतींनी या कामी पुढाकार घ्यावा. निवृत्त वडीलधाऱ्यांपाशी बसून त्यांच्या कामाचा इतिहास त्यांच्याच तोंडून ऐकावा आणि लिहून घ्यावा. त्यांची स्मृती शाबूत आहे आणि त्यांचे सहकारी हयात आहेत, तोवरच हे काम होऊ शकते.