पुस्तकाच्या पाठीवरची चिठ्ठी

वाचनालयात पुस्तक हातात घेतले, की आपण नाव पाहतो, लेखक पाहतो, जमल्यास दोन पाने चाळतो. पाठीवर बुडाशी चिकटवलेली चौकोनी चिठ्ठी मात्र कुणी वाचत नाही. ती ग्रंथपालाच्या कामाची, आपल्याला काय तिचे, असे वाटते. वास्तविक ती वाचकासाठीच असते.

पूर्वी पुष्कळ ग्रंथालयांत पुस्तकाला जागेचा नंबर देत. तिसरे कपाट, दुसरी फळी, सातवे पुस्तक. दिसायला हे सोपे. पण नवे पुस्तक आले की पंचाईत! ते शेवटी ठेवावे, तर एका विषयाची पुस्तके चार ठिकाणी विखुरतात. मध्ये घालावे, तर पुढचे सारे नंबर खोडावे लागतात.

अमेरिकेतील मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली यावर तोड काढली. त्यांनी आकडा कपाटाला न देता विषयाला दिला. साऱ्या ज्ञानाचे दहा भाग केले, प्रत्येकाचे पुन्हा दहा, आणि त्यांचेही दहा. तीन आकड्यांनंतर दशांश चिन्ह द्यायचे, की पुढे हवे तितके बारीक भाग पाडता येतात. ८०० म्हणजे वाङ्मय, ८९१.४६ म्हणजे मराठी वाङ्मय, आणि ८९१.४६३ म्हणजे मराठी कथा-कादंबरी. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही हरि नारायण आपट्यांची कादंबरी याच आकड्याखाली येते. एका आकड्याची पुस्तके अनेक असतात. म्हणून त्याखाली लेखकाच्या नावावरून अक्षरे किंवा खूण घालतात. आता नवे पुस्तक आले तरी ते आपल्या भावंडांत जाऊन बसते. बाकीची फक्त थोडी सरकतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे दशांश आहेत. ८९१.४६ हे ८९१.५ च्या आधी येते. सेहेचाळीस पाचाहून मोठे, म्हणून नंतर शोधू गेलात तर फसाल.

सगळीकडे ड्यूईंचेच आकडे असतील असे नाही. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. त्यांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यात विषयाचे निरनिराळे पैलू वेगळे मांडून चिन्हांनी जोडतात. चिठ्ठी निराळी दिसते, काम तेच: एका विषयाची पुस्तके शेजारी आणणे. म्हणून तर मुक्तद्वार ग्रंथालयात एक पुस्तक काढायला गेलेला वाचक, ज्यांची नावेही ठाऊक नव्हती अशी आणखी दोन घेऊन येतो.

पण ही सारी व्यवस्था एका घाईने मोडते. चाळलेले पुस्तक आपण दिसेल त्या फटीत खुपसतो. ते कुणी नेलेले नसते. सूचीत, आता पुष्कळ ठिकाणी संगणकावर, ‘उपलब्ध’ असेच दिसते. फक्त जागेवर सापडत नाही. परीक्षेच्या तोंडावर आलेला विद्यार्थी रिकाम्या हाताने परततो, आणि पुढची मोजदाद होईपर्यंत ते पुस्तक भर ग्रंथालयात हरवलेले राहते.

तेव्हा चिठ्ठी वाचून पुस्तक नेमके जागी ठेवता येत असेल, आणि तिथे तशी मुभा असेल, तर जरूर ठेवावे. नाहीतर सरळ टेबलावर ठेवून जावे. तो आळस नव्हे. पुढच्या वाचकावर केलेला उपकार आहे.