क्योटो : गर्दीपलीकडची शांतता
इ.स. ७९४ पासून हजाराहून अधिक वर्षे जपानची राजधानी असलेले क्योटो एप्रिलारंभी साकुराच्या बहराने आणि नोव्हेंबरअखेर मेपलच्या लाल पानांनी उजळते. गर्दीही तेव्हाच उसळते. निवांतपणा हवा असेल, तर भल्या सकाळी होनेन-इन मंदिराच्या गवताने शाकारलेल्या दारातून आत शिरावे. दुतर्फा पांढऱ्या वाळूचे ओटे, भोवती शेवाळ आणि दाट झाडी. रिओआन-जीच्या अंगणात १५ शिळा आहेत. ओसरीवर कोठेही बसा, एक तरी दृष्टीआड राहतेच. अनेकान्त जाणणाऱ्यास हा अनुभव परका वाटणार नाही.

भोजनात मात्र सावध असावे. भाज्यांच्या रश्श्यातही बहुधा माशांचा अर्क असतो. मठपरंपरेच्या ‘शोजिन ऱ्योरी’त मांस, मासे, कांदा, लसूण वर्ज्य, परंतु कंदमुळे चालतात. म्हणून आधीच कळवून ठेवावे.