छोटा अँटेना आणि मोठे दावे

हॅम रेडिओ आपल्या हैदराबादला नवा नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरहून निरोप बाहेर पोहोचवणारं हॅमचं पथक इथल्याच नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओचं होतं. आता मंडळातल्या एखाद्या घरातून कोणी लायसन्सची परीक्षा पास झालं, की पहिला प्रश्न अँटेनाचा येतो. गच्ची सोसायटीची, आपला फ्लॅट मधल्या मजल्यावर. अशा वेळी जाहिरात दिसते : अडीच मीटरचा दांडा, साडेतीन ते तीस मेगाहर्ट्झ सगळे बँड, ट्यूनर नको, एसडब्ल्यूआर दोनच्या आत. किंमत भरभक्कम. घ्यावा का, असं आम्हा जुन्या मंडळींना विचारलं जातं, म्हणून हे सविस्तर सांगतो.

आधी एसडब्ल्यूआर. सेटमधून निघालेल्या शक्तीपैकी किती परत फिरते, हे त्या आकड्यावरून कळतं. परत आली नाही म्हणजे ती लहरी होऊन हवेत गेली, असं आपण धरून चालतो, आणि फसतो इथेच. बँकेत आमचा जन्म गेला, तेव्हा त्याच भाषेत सांगतो : चेक परत आला नाही, एवढ्यावरून रक्कम योग्य खात्यात जमा झाली असं ठरत नाही. पन्नास ओहमचा डमी लोड जोडा. एसडब्ल्यूआर अगदी एकास एक येईल, आणि सगळी शक्ती नुसती उष्णता होईल. लांब, हलक्या दर्जाची कोॲक्स केबलसुद्धा परतीची शक्ती वाटेत गिळते आणि सेटजवळचा आकडा सुंदर दाखवते.

अडीच मीटरचा उभा दांडा ७.१ मेगाहर्ट्झवर पाहू. तरंगलांबी सुमारे ४२ मीटर. या दांड्याचा प्रारण-रोध, म्हणजे लहरी बनवण्याच्या कामी येणारा रोध, हिशेबाने दीड ओहमच्या आतच येतो. कॉइल, ट्रान्सफॉर्मर, जमीन यांचा रोध मिळून पंचवीस ओहम धरला, तर शंभर वॅटपैकी जेमतेम पाच वॅट हवेत जातात. बाकीचे पंचाण्णव उष्णतेच्या खात्यात.

यात विक्रेत्याची लबाडीच असते असं नाही. व्हीलर यांनी १९४७ साली आणि चू यांनी १९४८ साली लहान अँटेनाच्या मर्यादा गणिताने मांडल्या. छोटा आकार, रुंद बँडविड्थ आणि चांगली कार्यक्षमता, यांतली दोन हवी असतील तर तिसरी सोडावी लागते. म्हणून आकार छोटा आणि बँड सगळे असं दिसलं, की आम्ही विचारतो : कार्यक्षमता किती, आणि कोणत्या बँडवर? याचं सरळ उत्तर सहसा मिळत नाही.

मग घेणारे इतके खूश कसे? कारण पाच वॅटनेही जगाशी बोलता येतं! शंभर वॅट आणि पाच वॅट यांच्यात फरक तेरा डेसिबलचा, म्हणजे एस-मीटरवर दोन घरांहून थोडा जास्त. बँड खुला असेल तर तेवढ्यातही जपान मिळतं, आणि एफटी८ तर कुजबुजही ऐकतं. तेव्हा ‘मी अमुक देशाशी बोललो’ हा अँटेनाचा पुरावा नव्हे. त्या दिवशी आयनमंडल चांगलं होतं, एवढंच त्यातून कळतं. दुसरी गंमत म्हणजे कित्येकदा काम केबलच करत असते. केबलच्या बाहेरच्या आवरणावरून प्रवाह वाहतो आणि तीच अँटेना होते. अँटेनाच्या तोंडाशी फेराइटचा चोक लावून बघा. सगळा जोर गेला तर श्रेय कोणाचं ते समजलं.

‘गेन सहा डेसिबल’ असं लिहिलेलं असेल तर कशाच्या तुलनेत, ते विचारावं. काल्पनिक समदिश अँटेनाशी केलेली तुलना साध्या डायपोलशी केलेल्या तुलनेपेक्षा आकडा २.१५ डेसिबलने फुगवते. ‘आवाज कमी, फार शांत अँटेना’ या स्तुतीचा अर्थ कधीकधी एवढाच, की तो सगळंच कमी ऐकतो.

खरी परीक्षा म्हणजे तुलना. ७ मेगाहर्ट्झसाठी सुमारे वीस मीटर तार, मधोमध जोड, एका काठीवर उलट्या व्हीसारखी ताणलेली. गच्चीवर परवानगी घेऊन दोन दिवस लावा आणि स्विचने दोन्ही अँटेना पटापट बदलत तोच सिग्नल ऐका. सावकाश बदललं तर मधल्या काळात सिग्नलच चढतो-उतरतो आणि निष्कर्ष चुकतो. पाठवण्याच्या तुलनेसाठी नोबेल विजेते जो टेलर यांनी तयार केलेली डब्ल्यूएसपीआर पद्धत उत्तम. अनेक रात्री आळीपाळीने चालवून दूरच्या केंद्रांचे आकडे मांडावेत.

रुंद बँडचा अँटेना वाईटच असंही नाही. टर्मिनेटेड फोल्डेड डायपोलमध्ये मुद्दाम रोध घातलेला असतो. क्षणात फ्रिक्वेन्सी बदलावी लागते अशा कामांत तो उपयोगी, कारण तिथे शक्ती घालवून वेळ विकत घेतलेला असतो. घरच्या हौशीला ते परवडतं का, हे ज्याने त्याने ठरवावं.

बाल्कनीच असेल तर आमची पसंती छोट्या मॅग्नेटिक लूपला. तो आपली उणीव लपवत नाही : बँड अरुंद, फ्रिक्वेन्सी जरा हलवली की पुन्हा ट्यून करा. मात्र शंभर वॅटवर त्याच्या कपॅसिटरवर काही हजार व्होल्ट चढतात. सेट चालू असताना नातवंडांना त्याच्या आसपास फिरकू देऊ नका, आणि बाल्कनीत बसून बोलायचं असेल तर पाच-दहा वॅटच ठेवा.