पावसाळ्याआधी बदला जुन्या गाडीच्या दारांचं रबर

भिलाईत तुमच्या घरी आजोबांची अ‍ॅम्बेसेडर अजून उभी आहे? मग मे संपायच्या आत तिच्या दारांभोवतीचं रबर बोटानं दाबून पाहा. दबून पुन्हा फुगलं तर ठीक. कडक झालं असेल, चिरा पडल्या असतील, तर ते बदला.

इथला उन्हाळा चाळिशीपार जातो. त्यात रबर सुकतं, आखडतं. मग जूनमध्ये पाणी आत झिरपतं, मॅटखाली साचतं आणि लक्षात येईपर्यंत तळाचा पत्रा गंजलेला असतो. उत्तरपाड्याच्या कारखान्यात अ‍ॅम्बेसेडर बनणं २०१४ मध्येच थांबलं. त्यामुळे आहे तो पत्रा जपायलाच हवा.

असं बदला रबर

• जुन्या रबराचा तुकडा दुकानात न्या, आकार जुळवूनच नवं घ्या.

• जुना गोंद खरवडून काढा. गंज दिसला तर पॉलिश पेपरनं घासा, प्रायमर आणि रंग लावून पूर्ण वाळू द्या.

• रबर ताणून बसवू नका. ते नंतर आखडतं आणि कोपरे सुटतात. जोड खालच्या बाजूला ठेवा.

• दाराच्या तळाशी असलेली पाणी जाण्याची छिद्रं बुजवू नका.

सुरुवातीला दार घट्ट लागेल. आपटू नका, काही दिवसांत रबर बसतं.

शेवटी दारात कागदाची पट्टी अडकवून ओढा. सहज निघाली, तर तिथे फट आहे. मग मुलांना टॉर्च देऊन आत बसवा आणि बाहेरून पाइपानं पाणी मारा. थेंब कुठून आला, हे तेच आधी सांगतील!